क्वांटम रडार नेहमीच्या रडारपेक्षा खरंच चांगलं असतं का? त्याने स्टेल्थ विमान दिसेल का?

तुम्ही विचारलंय की क्वांटम प्रकाश वापरून लक्ष्य नेहमीच्या पद्धतीपेक्षा चांगलं ओळखता येतं हे खरं आहे का, त्याने स्टेल्थ विमान पकडता येईल का, आणि एम.टेक.च्या प्रकल्पाला हा विषय घ्यावा का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. तिसऱ्याचंही हो, पण तुलना कोणाशी करायची हे आधी पक्कं ठरवून.

माझं काम जहाजांवरच्या रडारचं. मुंबई बंदरात आलेल्या जहाजांवर चढायचं, मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी निर्माण करणारी नळी, बदलायचा, रिसीव्हर ट्यून करायचा, रेंज तपासून रिपोर्ट द्यायचा. त्यामुळे लक्ष्य दिसतं की नाही हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. नारळी पौर्णिमेनंतर कोळ्यांच्या होड्या समुद्रात उतरतात, लाकडाच्या नाहीतर फायबरच्या, पाण्याला जेमतेम वर. पाऊस तेव्हा सरलेला नसतो. प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेरून येणाऱ्या मोठ्या जहाजाच्या पडद्यावर अशी होडी ठिपका म्हणून उमटते की लाटांच्या खरखरीत बुडून जाते, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. क्वांटम रडारच्या बातम्या आणि त्यांच्या मागचे मूळ पेपर मी याच काळजीने वाचत आलोय.

आधी मूळ अडचण पाहू. रडारला शेवटी एकच निर्णय करायचा असतो: अँटेनात जे आलं त्यात माझा परतलेला संकेत आहे, की नुसता नॉइज, म्हणजे निरर्थक खरखर? जहाजावरचं एक्स-बँड रडार ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. या कंप्रतेला मुंबईच्या हवेच्या तापमानात नुसत्या उष्णतेमुळे प्रत्येक मोडमध्ये साधारण ६६० फोटॉन, म्हणजे लहरींच्या ऊर्जेचे कण, आधीच भरलेले असतात. मोड म्हणजे वेळ आणि कंप्रता यांचा सर्वांत लहान कप्पा, एवढं सध्या पुरे. दूरच्या लक्ष्यावरून परत आलेला तुमचा एखादा फोटॉन या ६६० जणांत मिसळला, तर त्याला ओळखायचं कसं?

यावर जुना आणि उत्तम उपाय आहे. काय पाठवलं याची नक्कल स्वतःजवळ ठेवायची आणि जे परत येईल त्याच्याशी ती ताडून पाहायची. पल्सची रचना ठाऊक असते म्हणूनच रिसीव्हर तिला खरखरीतून उचलू शकतो. नॉइज रडार नावाचा एक प्रकार आहे, त्यात तर मुद्दाम वेडावाकडा संकेत पाठवतात आणि त्याची नोंद जपून ठेवतात. ताडणी जितकी पक्की, तितका निर्णय पक्का.

क्वांटम प्रकाश नेमका याच ताडणीत भर घालतो. विशिष्ट स्फटिकातून लेसर सोडला की क्वचित एका फोटॉनचे दोन होतात; ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या लेसरपासून ८१० नॅनोमीटरच्या जोड्या मिळतात, आणि हा प्रयोग आता महाविद्यालयांतही करतात. मायक्रोवेव्हसाठी हेच काम अतिवाहक धातूंची जोसेफसन सर्किट्स करतात, तीही निरपेक्ष शून्याच्या वर काही मिलिकेल्विनवर. जोडीतला एक भाग लक्ष्याकडे जातो, त्याला सिग्नल म्हणतात. दुसरा घरीच थांबतो, तो आयडलर. दोघे एन्टँगल झालेले, गुंतलेले, म्हणजे त्यांचा आपसातला संबंध नेहमीच्या कुठल्याही प्रकाशाला शक्य नाही इतका घट्ट.

किती घट्ट, याचे आकडे पाहाल तर सगळा विषय उलगडतो. समजा प्रत्येक मोडमागे सरासरी 'न' फोटॉन आहेत. दोन नेहमीच्या शलाकांमधला परस्परसंबंध जास्तीत जास्त 'न' एवढा होऊ शकतो. गुंतलेल्या जोडीत तो 'न' आणि 'न अधिक १' यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा असतो. आता किमती घालून बघा. न १०० असेल तर नेहमीचा १००, क्वांटम १००.५, फरक नसल्यातच जमा. न १ असेल तर १ विरुद्ध १.४१. आणि न ०.०१ असेल तर ०.०१ विरुद्ध जवळपास ०.१, म्हणजे दहापट. प्रकाश जितका क्षीण, तितका क्वांटमचा फायदा मोठा. प्रकाश वाढवला की फायदा विरून जातो. माझं पुढचं सगळं म्हणणं या एका गुणधर्मावर उभं आहे.

बातम्यांत एक गोष्ट नेहमी उलटी सांगितली जाते. वाचणाऱ्याला वाटतं की विमानाला लागलेल्या फोटॉनचं काय झालं ते घरी ठेवलेला जोडीदार आपोआप सांगतो. तसं काहीही होत नाही. सिग्नल परत येऊन आयडलरला भेटला नाही, तर नुसत्या आयडलरकडे बघून लक्ष्याबद्दल शून्य माहिती मिळते. दोघांना एकत्र आणून मोजणं हाच सगळा खेळ आहे. दुसरं म्हणजे हवेतून जाऊन येताना एन्टँगलमेंट पार मोडते. नॉइज एवढा असताना ती टिकणंच अशक्य. तरी फायदा उरतो. कारण जाता-येता होणारा क्षय दोन्ही प्रकारच्या संबंधांना सारख्याच प्रमाणात कापतो. ज्याची सुरुवात ०.१ पासून झाली तो कापला गेल्यावरही ०.०१ पासून निघालेल्याच्या पुढेच राहतो. उरलेल्या संबंधाला एन्टँगलमेंट म्हणता येत नाही, पण तेवढ्याच फोटॉनांत नेहमीचा प्रकाश तिथवर पोहोचूही शकत नाही. नाजूक म्हणून ओळखली जाणारी गोष्ट स्वतः मोडूनही काम करून जाते, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. क्वांटम संगणकवाले एन्टँगलमेंट जपायला जिवाचं रान करतात. इथे ती मोडणार हे गृहीत धरूनच आखणी होते.

ही कल्पना एमआयटीच्या सेथ लॉइड यांनी २००८ साली मांडली आणि तिला क्वांटम इल्युमिनेशन असं नाव पडलं. त्यांच्या पहिल्या गणितात फायदा प्रचंड दिसत होता. पण २००९ मध्ये जेफ्री शपिरो आणि स्वतः लॉइड यांनीच दाखवलं की त्या मूळ योजनेची तुलना चांगल्या लेसरच्या सुसंगत, म्हणजे एका तालात चालणाऱ्या लहरींच्या, प्रकाशाशी केली तर तो फायदा उरत नाही. टिकणारा निष्कर्ष सी-हुई तान आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या पेपरमधून आला: वर सांगितलेल्या प्रकारच्या जोड्या वापरल्या, प्रकाश क्षीण आणि नॉइज भरपूर असला, तर चुकीच्या संभाव्यतेचा घातांक चौपट होतो. ६ डेसिबेलचा फायदा म्हणतात तो हा (डेसिबेल हे पटींचं माप: ३ म्हणजे दुप्पट, ६ म्हणजे चौपट). ढोबळ हिशेब असा की लेसरने १०० मध्ये १ चूक होत असेल, तर तेवढ्याच फोटॉनांत क्वांटम पद्धतीने १० कोटींत १. हे ऐकून कोणाचेही डोळे विस्फारतील.

पण तो पूर्ण फायदा मिळवायला जो रिसीव्हर लागतो तो बनवणं फार अवघड आहे. सैकत गुहा आणि बारिस एर्कमेन यांनी २००९ मध्ये तुलनेने सोपा रिसीव्हर सुचवला, त्यात जास्तीत जास्त ३ डेसिबेल मिळतात. २०१५ मध्ये एमआयटीच्या गटाने त्या धर्तीचा रिसीव्हर वापरून प्रयोग केला. परतणाऱ्या प्रकाशापेक्षा नॉइज ७५ डेसिबेलने, म्हणजे सुमारे ३ कोटी पटींनी जास्त होता, वाटेत १४ डेसिबेल प्रकाश वाया जात होता, एन्टँगलमेंट मोडली होती, आणि तरीही सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर सर्वोत्तम नेहमीच्या पद्धतीपेक्षा २० टक्क्यांनी चांगलं आलं. मात्र तो नॉइज मुद्दाम घातलेला होता. दृश्य किंवा इन्फ्रारेड प्रकाशात, सूर्यप्रकाश धरला तरी, निसर्गतः एका मोडमागे एका फोटॉनपेक्षा खूपच कमी नॉइज असतो. भरपूर नॉइज खरा मायक्रोवेव्हमध्ये, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे वळलं.

मायक्रोवेव्हमध्ये २०१९-२० च्या सुमारास ऑस्ट्रियात आणि कॅनडात प्रयोग झाले. ऑस्ट्रियातल्या गटाने तर साधारण १ मीटरवरची, खोलीच्या तापमानातली वस्तू ओळखून दाखवली. मथळे झाले, 'क्वांटम रडार तयार'. या प्रयोगांत दोन्ही भाग आधी अॅम्प्लिफाय करून मग संगणकात ताडले होते. अॅम्प्लिफायर स्वतःचा नॉइज घालतो, आणि क्वांटमचा वरचढपणा तिथेच खर्च होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फायदा दाखवला गेला तो नॉइज रडारशी तुलना करून, तेवढ्याच ऊर्जेच्या सुसंगत संकेताशी नव्हे. नॉइज रडार हा काही वर्गातला पहिला नंबर नाही. नेहमीच्या सर्वोत्तम पद्धतीला मायक्रोवेव्हमध्ये खरोखर मागे टाकलं ते २०२३ मध्ये, फ्रान्समधल्या लियाँच्या बेंजामिन हुआर यांच्या गटाने. फायदा पुन्हा २० टक्के, आणि तोही अतिशीत यंत्रणेतल्या सर्किटमध्ये, मोकळ्या हवेत नाही. मला तो प्रयोग मनापासून आवडतो, कारण त्यांनी तुलनेला दुबळा प्रतिस्पर्धी घेतला नाही.

आता माझ्या धंद्याचा हिशेब मांडतो. जहाजावरच्या २५ किलोवॉटच्या मॅग्नेट्रॉनची १ मायक्रोसेकंदाची एक पल्स घ्या. तिच्यात साधारण ४ वर २१ शून्यं इतके फोटॉन असतात. अशा पल्स दर सेकंदाला शेकड्यांनी जातात. क्वांटम स्रोताला मोडमागे ०.१ फोटॉन आणि सढळ हाताने १ गिगाहर्ट्झची बँडविड्थ देऊ. तो सेकंदाला १० कोटी फोटॉन पाठवेल. त्याला मॅग्नेट्रॉनच्या एका पल्सएवढे फोटॉन पाठवायला १२ लाख वर्षांहून जास्त काळ लागेल. तीव्रता वाढवावी म्हटलं तर मोडमागचे फोटॉन वाढतात आणि फायदाच जातो, ते वर पाहिलंच. त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी म्हणजे तितकाच अशक्त नेहमीचा संकेत. जहाजाच्या जनरेटरवर चालणाऱ्या मॅग्नेट्रॉनला कोणीही अशक्त राहायला सांगितलेलं नाही.

आणि ६ डेसिबेल पूर्ण मिळाले असं मानलं तरी काय हाती लागतं? परतणारा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने घटतो, त्यामुळे चौपट फायद्याने पल्ला फक्त १.४ पट वाढतो. एकच अँटेना पाठवायला आणि ऐकायला असेल, तर तिचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की तेच ६ डेसिबेल मिळतात. तेवढ्यासाठी मिलिकेल्विनचा फ्रिज जहाजावर चढवायचा की अँटेना बदलायची, हे कुठलाही चीफ इंजिनिअर क्षणात सांगेल.

याहून मोठी अडचण आयडलर सांभाळण्याची. सिग्नल जाऊन येईपर्यंत त्याला न हरवता थांबवून ठेवावं लागतं. ऑप्टिकल फायबर घेतलं तर उत्तम फायबरमध्येही किलोमीटरला ०.२ डेसिबेल जातात. आयडलरचे ६ डेसिबेल गेले की फायदा संपला, म्हणजे ३० किलोमीटर फायबर, म्हणजे फार तर २२ किलोमीटरवरचं लक्ष्य. तेही रिसीव्हर आदर्श असेल तर. मायक्रोवेव्हसाठी फायबरइतकी सोयीची वाट तर नाहीच. शिवाय परतीचा संकेत नेमका कधी येणार हे आधी ठाऊक हवं, तरच त्याची आयडलरशी गाठ पडेल. एका वेळी एकाच अंतरावर नजर ठेवता येते. लक्ष्य कुठे आहे हे माहीत नाही म्हणून तर आपण रडार लावतो ना!

आणखी एक मुद्दा समुद्रावर काम करणाऱ्याला लगेच सुचतो, लेखांमध्ये मात्र क्वचित वाचायला मिळतो. या गणितातला नॉइज उष्णतेचा आहे, तुमच्या संकेताशी त्याचा काहीही संबंध नाही. ऑगस्टमधल्या मुंबईच्या समुद्रावर होडीला लपवतो तो क्लटर: लाटांवरून आणि पावसाच्या सरींवरून परतलेला तुमचाच संकेत. तो आयडलरशी तितकाच इमानाने जुळतो जितका होडीवरून आलेला. क्वांटम संबंधाला लाट आणि होडी यांतला फरक कळत नाही. त्यासाठी डॉप्लर लागतो, पोलरायझेशन लागतं, बारीक रेझोल्यूशन लागतं, आणि होडीच्या काठीवर एक धातूचा रडार रिफ्लेक्टर बांधलेला असला तर तो या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. कोळीवाड्यातलं तुमच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल तर तो रिफ्लेक्टर बांधाच.

स्टेल्थचं उत्तर यातच आलं. स्टेल्थ विमान आपल्या आकाराने लहरी दुसरीकडे वळवतं आणि लेपाने शोषून घेतं. गुंतलेला फोटॉनही तसाच वळतो, तसाच शोषला जातो. जो परत येत नाही त्याला कुठलाही रिसीव्हर मोजू शकत नाही. २०१६ मध्ये चीनच्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १०० किलोमीटर पल्ल्याच्या क्वांटम रडारचा दावा केला होता आणि जगभर गाजावाजा झाला. उलट २०१९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या विज्ञान सल्लागार मंडळाने स्पष्ट लिहिलं की क्वांटम रडारने त्यांच्या क्षमतेत वाढ होणार नाही. वरचा हिशेब केल्यावर मला दुसरं मत पटतं. एक सावधगिरी मात्र बाळगा: 'क्वांटम लायडार' (लायडार म्हणजे लेसरच्या प्रकाशावर चालणारं रडार) म्हणून येणाऱ्या पुष्कळ बातम्या एकेक फोटॉन मोजणाऱ्या डिटेक्टरच्या असतात, त्यात पाठवलेला प्रकाश साधा लेसरच असतो. ते तंत्र अव्वल आहे, २०२१ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याने २०० किलोमीटरवरच्या डोंगराचं चित्र घेतलं. पण त्यात एन्टँगलमेंट नाही.

मग हे सगळं व्यर्थ का? अजिबात नाही. जिथे प्रकाश वाढवायची सोयच नसते तिथे क्वांटम प्रकाशाचा खरा उपयोग आहे, आणि तो आज चालू आहे. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगोच्या भुजांमध्ये शेकडो किलोवॉट प्रकाश फिरतो. तो अजून वाढवला की आरसे तापतात आणि प्रकाशाच्या दाबाने हलतात. म्हणून तिथे स्क्वीझ्ड प्रकाश घालतात, ज्याचा क्वांटम नॉइज एका बाजूने दाबलेला असतो. २०१९ पासून अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंमध्ये तो नियमित वापरात आला आणि घटना सापडण्याचा अपेक्षित वेग ४० ते ५० टक्क्यांनी वाढला. तसाच तिसरा लायगो आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभा राहणार आहे. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०२३ मध्ये मिळाली. रडारमध्ये न जमलेलं काम तिथे का जमलं, याचा विचार तुम्ही जरूर करा. अति प्रकाशाने नमुना खराब होणाऱ्या सूक्ष्मदर्शकांतही याच कारणाने आशा आहे.

प्रकल्पासाठी मुंबईत बसून वातावरण चांगलं आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनचं सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं केंद्र पवईला आयआयटीत आहे. कुलाब्याला टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक सर्किटांवर मिलिकेल्विन तापमानात काम चालतं, आणि मायक्रोवेव्हच्या जोड्या याच जातीच्या सर्किटांतून निघतात. तिथली जाहीर व्याख्याने चुकवू नका.

तुमच्या हातात असा फ्रिज नसणार, म्हणून मी असा प्रकल्प सुचवेन. पायथॉनमध्ये, हवं तर क्यूटिप ही क्वांटम गणितांची लायब्ररी वापरून, एका लक्ष्यासाठी तीन स्रोत मांडा: गुंतलेली जोडी, नॉइज रडार आणि सुसंगत लेसर, तिघांचेही एकूण फोटॉन सारखे. मोडमागचे फोटॉन ०.०१ पासून १०० पर्यंत वाढवत न्या आणि आयडलरचा क्षय ० पासून ६ डेसिबेलपर्यंत. फायदा कुठे आहे आणि कुठे नाहीसा होतो याचा नकाशा काढा. त्यापुढे हौस असेल तर नॉइजऐवजी क्लटर घाला, म्हणजे लाटांवरून परतणारा, आयडलरशी जुळणारा संकेत. हे फारसं कोणी करत नाही. गाईडने नुसत्या नॉइज रडारशी तुलना करून आलेख छान दिसतोय म्हटलं, तरी लेसरची रेघ त्यावर काढाच. नकाशा तयार झाला की इथेच टाका. क्लटरसाठी समुद्राच्या कुठल्या स्थितीचं मॉडेल घ्यावं हे मी सांगेन.